सुपडूआप्पांची गाडी परदेशी जाते

सुपडूआप्पा चारचाकीत बसत नाहीत. जीप, कार, एसटी, ट्रॅक्टरची ट्रॉली, कशातच नाही. तुम्ही दार उघडून उभे राहा, भर पावसात भिजत उभे राहा, आप्पा तुमच्याकडे दयेने बघणार आणि म्हणणार, "डब्बामा लोणचं भरतस भो, माणूस नही." मग किक मारून तुमच्या अंगावर चिखल उडवत निघून जाणार.

आप्पा आमच्या अक्कलकुव्यात विजेच्या कंपनीत लाइनमन होते. नोकरीतून सुटून सहा वर्षं झाली. त्यांची आणि माझी भिंत एक. माझं बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, परीक्षा, पासपोर्ट, जे म्हणाल ते. शेजारी आप्पा आणि हातात हा धंदा, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला याव्यात, असं मी कोणाचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे.

त्यांची मोटारसायकल शंभर सीसीची, आणि त्यांच्या मुलापेक्षा, म्हणजे योगेशपेक्षा, वयाने मोठी. रंग चंदेरी. हा रंग कारखान्याने दिलेला नव्हे. विजेच्या खांबांना मारतात तो. दर दसऱ्याला उरलासुरला रंग आप्पा गाडीला मारायचे, जुन्यावर नवा, खरवडायची भानगड नाही. उन्हात शेजारच्या खापर गावाच्या रस्त्याने गाडी येताना दिसली की एखादा खांब आपली जागा सोडून गावाकडे निघालाय असं वाटायचं.

योगेशच्या लग्नाला वऱ्हाड तळोद्याला निघालं, तेव्हा फुलांनी सजवलेल्या बसमध्ये नवरदेव, मामा, आत्या, बँडवाले सगळे होते. नवरदेवाचे आईबाप तेवढे मागून गाडीवर. सिंधूकाकूंच्या नव्या शालूवर इतकी धूळ बसली की फोटोवाल्याने आधी त्यांना झटकून घेतलं. पुढे आप्पांचा पाय मोडला. जीप बोलावली तर हे प्लास्टरचा पाय आडवा धरून दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि अख्ख्या रस्त्याची वाहतूक अडवून घरी आले. आणि दोन वर्षांपूर्वी योगेश आईला न्यूझीलंडला न्यायला आला, तेव्हा तर कहर झाला. जीपमध्ये बॅगा आणि बॅगांशेजारी दातओठ खाणारा योगेश. आणि काकू नंदुरबार स्टेशनपर्यंत आप्पांच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, पदर कानांवरून घट्ट ओढून.

"त्यास्ना हट्टपायी बिचारीना हाल व्हतस," गल्लीतल्या बायका म्हणायच्या. मीही तेच म्हणायचो, आणि जरा मोठ्याने म्हणायचो.

काकू तिकडे नातू सांभाळायला गेल्या त्या राहिल्याच. मागल्या वर्षी आप्पा तीन महिने जाऊन आले. तिथेही म्हणे पोराच्या गाडीत बसले नाहीत. परत आल्यावर दोघांनाही कायमचं राहायची परवानगी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दुकानात हजर.

"मी जाई ऱ्हायनू. कायमना," ते म्हणाले.

मी देवाचे आभार मानायला मान वर केली.

"पण गाडी संगे लयी जासू. तू फक्त कागदं कर."

फक्त कागदं! मी आठ महिने त्या 'फक्त'मध्ये राहिलो. इथली नोंदणी रद्द करा, गाडीवर कर्ज नाही, गुन्हा नाही याचे दाखले काढा, तिकडच्या नोंदणीसाठी मूळ बिल शोधा. बिल गव्हाच्या कोठीच्या तळाशी सापडलं, अर्धं. एका एजंटाला फोन केला तर त्याने विचारलं, "गाडी कोणत्या जिल्ह्यात चाललीये?" मी न्यूझीलंड म्हणालो. तो म्हणाला, "ते धुळ्याकडे येतं का?"

मग शासी नंबरची पेन्सिल प्रिंट. म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उमटतो. आमच्या कागदावर काहीच उमटेना. नंबर तीसेक दसऱ्यांच्या रंगाखाली गाडला गेला होता. दोन दिवस मी, आप्पा, रॉकेल आणि ब्लेड. एकेक थर निघाला की आप्पा कौतुकाने सांगायचे, "हाऊ थर योगेश दहावी व्हयना तव्हाना."

तिकडच्या नोंदणीवाल्यांना फोटो पाठवायचे होते. गाडीचे, सहा बाजूंनी. आप्पांनी पाठवले. सहाही फोटोंत पांढरी टोपी घालून, सीटवर हात ठेवून आप्पा उभे. तिकडून उत्तर आलं की फक्त गाडी हवी. आप्पांना राग आला. "गाडी काय चोरनी शे का, मालक नको म्हणे!"

सगळ्यांत वाईट धुण्याचं प्रकरण. त्या देशात परकी माती चालत नाही. मातीचा कण, बी, वाळलेलं पान, मेलेला किडा, काहीही गाडीला चिकटून गेलेलं चालत नाही. आम्ही टूथब्रश घेऊन बसलो. मागच्या मडगार्डच्या आतून कापूस निघाला, ज्वारी निघाली, गांधीलमाशीचं जुनं घर निघालं. संध्याकाळपर्यंत गाडी नव्या भांड्यासारखी लखलखली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चिखलाने माखलेली.

"आप्पा! हे काय?"

"धुवावर चालाडी देखानी पडस ना भो. पाणी गये व्हई कोठे."

असं तीन वेळा झालं. तीन वेळा धुतली आणि तीन वेळा हे खापरला जाऊन आले. तिकडून योगेश फोनवर रडकुंडीला आलेला. "दादा, मी बाबांना इथे नवी मोटारसायकल घेऊन देतो. नवी! त्यांना समजवा ना." आप्पांना सांगितलं तर एकच उत्तर, "नवी नको." का नको? "नको."

तिसऱ्या चिखलाच्या दिवशी माझं डोकं फिरलं. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी कागदांची फाइल टेबलावर आपटली आणि म्हणालो, "आप्पा, काकू तिकडे दोन वर्षांपासून एकट्या बसल्या आहेत, आणि तुम्ही एका भंगार गाडीपायी इथे अडून बसलात. लाज वाटते का काही?" लोक हसले. आप्पांनी फाइलमधून घसरलेले कागद एकेक उचलले, नीट लावले आणि गेले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पायरीवर आप्पा, धुतलेली गाडी आणि तीच फाइल. "आते चालाडस नही. तुन्ही आण."

शेवटी गाडी न्यायची परवानगी एकदाची आली. गाडी सुरतला पॅकिंगवाल्याकडे पोचवायची होती. ती टेम्पोतून नेऊन तिथे पुन्हा धुवायचं ठरलं, तर आप्पा म्हणाले, मी चालवत नेतो, तिथे तर धुणारच आहेत. मी वाद घातला नाही. माझ्यात वाद उरलाच नव्हता. ते पुढे गाडीवर आणि मी मागून माझ्या कारमध्ये कागद घेऊन. सुरतला पॅकिंगवाल्याच्या माणसांनी गाडी वाफेने धुतली, लाकडी खोक्यात बसवली, खिळे ठोकले. आप्पा खोक्याभोवती एक फेरी मारून आले.

आता परतायचं. मी मनाची तयारी केली होती. हे एसटीत बसणार नाहीत, माझ्या कारमध्ये बसणार नाहीत. आता सुरतेत कोणाची तरी मोटारसायकल भाड्याने शोधायची आणि दीडशे किलोमीटर…

आप्पांनी माझ्या कारचं पुढचं दार उघडलं, आत बसले, खालचा खटका दाबून सीट मागे केली आणि म्हणाले, "एसी जरासा वाढाव रे."

दहा मिनिटांत ते घोरत होते.

मी सागबाऱ्यापर्यंत गाडी कशी चालवली मला माहीत नाही. आठ महिन्यांचा संताप मी गिअरवर काढत होतो. तिथे चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "आप्पा, तुम्ही डब्यात बसता?"

"माले काय व्हस डब्बाले?" आप्पा बशीत चहा ओतत म्हणाले. "झोप चांगली लागस. तिले चालस नही."

"कोणाला?"

"तुन्ही काकूले. बठनी का उलट्या. बस, जीप, काहीबी ऱ्हावो. गाडीवर तोंडले वारा लागस, तं काहीच व्हस नही."

"मग असं सांगायचं ना आप्पा! अर्ध्या गावाला गाडी लागते."

आप्पांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "लगीनना दुसरा दिन. जीपमाईन घर लयी उनूत. दारसे उतरनी नि ओकनी. सगळं गाव उभं व्हतं. नवी नवरी दारमा ओकस, लोक काय बोलतीन तूच समज. मन्ही माय चार महिना तिन्हा पोटकडे देखे." त्यांनी बशी खाली ठेवली. "ती रडे. म्हने, कोणले सांगू नका माले उलटी व्हस, लोके पुन्हा तेच काढतीन. मी गाडी लिनी. लोकेस्ले सांगं, माले डब्बा आवडस नही. संपनं."

योगेश पाचवीपासून नाशिकला हॉस्टेलवर. त्याला कधी कळलंच नव्हतं.

"मग न्यूझीलंडला कशा गेल्या?"

"गोळी खाईसन. नंदुरबार सोडं तव्हापासून झोपमाच व्हती. रोज गोळी खावाडू का तिले?" आप्पा रस्त्याकडे बघत बोलत होते. "पोरगानी आमनासाठे मोठी गाडी लिनी तठे. पहिलाच दिन बठनी, रुमालमा तोंड धरीसन घर उनी. मंग सांगं, गुडघा दुखतस, मी घरच बरी. दोन वरीस व्हयनात. सून-पोरगा कामले जातस, नातू शाळामा. ही खिडकीपा बठस. तठे रस्तावर माणूस नही दिसत रे, दिनभर. माले म्हने, पोरगाले सांगू नका, त्याले वाईट वाटी."

"मग नवी मोटारसायकल घेऊ द्या ना त्याला!"

"नवी लिनी तं इचारी, या वयमा कसाले पाहिजे? कोणले बठाडनं शे? जुनी लयी गऊ तं म्हणी, बापले नाद शे." आप्पा उठले. "म्हणू दे."

भर दुकानात मी यांना लाज विचारली होती, आणि यांनी खाली वाकून कागद गोळा केले होते.

अक्कलकुवा जवळ आलं तसं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गल्लीमा नको. आठेच उतार. लोके देखतीन." गावाच्या अलीकडे, पेट्रोलपंपापाशी ते कारमधून उतरले, टोपी सारखी केली आणि घरापर्यंत पायी गेले. मी कार घेऊन त्यांच्या पुढून गेलो, ओळख न दाखवता.

हे सगळं मी छापायला देतोय, कारण नावं बदलली आहेत आणि योगेशला मराठी वाचायचा मुळात कंटाळा आहे.

आप्पा न्यूझीलंडला गेले. खोकं बोटीतून मागाहून पोचलं. तिकडच्या तपासणीवाल्याने मागचा दिवा बदलायला लावला, गाडी कोणत्या वर्षी बनली त्याचा पुरावा मागितला, आणि तो पुरावा म्हणून मी पुन्हा एकदा त्या अर्ध्या बिलाच्या मागे लागलो. पण या वेळी मी कोणावर ओरडलो नाही. शेवटी गाडीला तिकडचा नंबर मिळाला.

परवा रविवारी सकाळी दुकान उघडत होतो, तेव्हा योगेशचा फोन आला. तिकडे दुपार होती.

"दादा, तुम्ही कशाला करून दिले हो ते कागद?" तो वैतागून बोलत होता. "माझी गाडी दारात उभी असते. हीटर आहे, सीटसुद्धा गरम होतात. आणि हा माणूस आईला त्या खटाऱ्यावर बसवून थंडीत फिरवतोय. इथे दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागतं, तर आईने सलवार-कमीज घेतलाय. या वयात! काल समुद्रावर गेले, मासळी घेऊन आले. परवा कोणा पंजाबी बाईकडे चहाला. आज कुठल्याशा बाजारात जायचंय म्हणे."

"बरं आहे की."

"काय बरं? तिचे गुडघे दुखतात, दादा. त्यापायी ती माझ्या गाडीत दोन वर्षं बसली नाही, आणि यांच्या मागे बसते. नाही म्हणवत नसेल तिला. कधी म्हणवलं? लहानपणापासून बघतोय मी. ऊन नाही, पाऊस नाही, स्वतःच्या हट्टासाठी आईला मागे बसवून हिंडवलं. एकदा तरी बिचारीला सुखाने एसटीत बसवलं का? तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतात ते."

फोनमधून पलीकडे किक मारल्याचा आवाज येत होता. एक, दोन. तिसरीला इंजिन लागलं. मग काकूंचा आवाज आला, मोठा, मोकळा, गल्लीत असताना मी कधी ऐकला नव्हता तसा: "चाला ना लवकर! बाजार उठी जाई!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे गाढवा, बाहेर जा आणि तुझ्या बापाच्या पाया पड. पण गोष्ट माझी नव्हती.

"सांगून बघतो," मी म्हणालो. "पण ऐकायचे नाहीत. फार हट्टी माणूस आहे."

"तेच तर," योगेश म्हणाला.