खोब्रागडे सरांचा कोरम

जर्मनीतल्या येना शहरात खोब्रागडे सरांचे जेवणाचे बोलावणे आले, की आम्ही आपापल्या घरून खुर्ची घेऊन जात असू. त्यांच्याकडे खुर्च्या नव्हत्या असे नाही. सहा होत्या, फिकट मधाच्या रंगाच्या, उन्हात ठेवलेल्या लाकडाचा मंद वास असलेल्या. परंतु खिडकीजवळच्या सहाव्या खुर्चीवर कोणालाही बसू दिले जात नसे. पाहुणे तीन असोत की अकरा, ती रिकामी. सरांच्या एका वाढदिवसाला आमचे भारदस्त कुलकर्णी मांडीवर ताट घेऊन जिन्यात बसले होते आणि आत ती खुर्ची निळी उशी घेऊन ऐसपैस विसावली होती.

"ती गैरहजराची आहे जी," सर सांगत. "ज्याच्याबद्दल बोलणं होईल अन् जो इथं नसेल, त्याची."

सर मूळचे नागपूरचे. दुर्बिणींची भिंगे तपासण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. केसाएवढा ओरखडा दिसला की भिंग बाजूला, आणि माणसांच्या बोलण्यालाही तोच न्याय. पत्नी लवकर गेली, मूलबाळ नव्हते. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत असे. सकाळी त्यांच्या फोडणीचा लसूण आणि चष्मा पुसण्याच्या स्पिरिटचा वास जिन्यातून एकत्रच उतरत येई.

त्यांचा आवडता शब्द 'कोरम', म्हणजे गणपूर्ती. चारजणांनी सहलीचा बेत आखला, तरी सर विचारत, "कोरम आहे का?" डोकी मोजून त्यांचा कोरम होत नसे. जे ठरेल ते ज्याला भोगायचे आहे, तो खोलीत आला की झाला. एकदा आमच्या इमारतीच्या बैठकीत, बाबागाडी जिन्याखाली ठेवावी की नाही, यावर नऊ बिनबाबागाडीचे भाडेकरू पाऊण तास बोलले. नियम होते, आगीची भीती होती, इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने मोजायची फीतही आणली होती. सरांनी हात वर करून सांगितले की कोरम नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या तरुण आईला बोलावून आणले. ती तान्ह्यासह आली. तान्ह्याने आपले मत इतक्या वरच्या पट्टीत मांडले, की पाच मिनिटांत गाडीला जागा मिळाली.

त्या वर्षी जर्मन संसदेत गर्भपाताच्या कायद्यातील एक तरतूद अधिक कडक करण्याची चर्चा चालू होती. आमच्या रविवारच्या मंडळींतही ती आलीच. कुलकर्णींना जर्मन निवडणुकांचे फार प्रेम. प्रत्येकाला दोन मते कशी असतात, मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा कशा मिळतात, हे त्यांनी बशीत शेंगदाण्यांच्या राशी करून दाखवले. अशा न्याय्य सभागृहाने केलेला कायदा न्याय्यच असणार, असा त्यांचा निष्कर्ष. सरांनी बशी जवळ ओढली.

"ह्या शेंगदाण्यांत बाया किती?"

कुलकर्णी म्हणाले, पक्ष मोजतात, बाया नव्हे. सरांनी अंडी उकडण्याचे घड्याळ आणले आणि वेळ वाटून दिला : स्त्रियांना प्रत्येकी पाच मिनिटे, पुरुषांना अर्धे मिनिट, आणि स्वतःला शून्य. कुलकर्णींचे अर्धे मिनिट प्रस्तावनेतच संपले. समोरच्या दारातल्या वृद्ध फ्राऊ लेमान चिवड्याच्या लोभाने आल्या होत्या. त्यांनी मात्र पाचही मिनिटे वापरली. त्यांच्या तरुणपणी पूर्व जर्मनीतल्या बाईला पहिल्या तीन महिन्यांत कोणाला विचारावे लागत नसे. दोन देश एक झाले आणि नव्या संसदेत पश्चिमेची डोकी जास्त होती. त्यांच्या मुलीला मग आधी समुपदेशन, त्याचा दाखला, नंतर मध्ये तीन दिवस थांबणे, हे सगळे करावे लागले. "आल्झो, म्हणजे," त्या चिवड्यातला खोबऱ्याचा काप शोधत म्हणाल्या, "आम्हाला मोजले. विचारले नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सर म्हणाले, आणि त्यांच्यापुढे चिवड्याचा डबाच ठेवला.

हे सारे मला गमतीचे वाटे. एकट्या माणसाला काहीतरी छंद हवा, तसा हा. मार्चमधल्या एका शनिवारपर्यंत माझे हेच मत होते.

त्या दिवशी सरांनी मला वर बोलावले. आमच्या मंडळींतल्या मृणालचा नवरा अनिकेत इंगोलश्टाटहून आला होता, तिथे तो मोटारींच्या कारखान्यात होता. नाशिकहून आलेल्या त्याच्या आईही सोबत होत्या. मृणाल येथे विद्यापीठात पीएच.डी. करीत होती. तिला दिवस गेले होते. ती एकटीच समुपदेशनाला जाऊन दाखला घेऊन आली होती आणि सोमवारी डॉक्टरकडे जायचे की नाही, याचा विचार करीत होती. सरांचा शब्द ती मानते, तेव्हा सरांनी तिला समजावावे, असा त्या दोघांचा बेत होता. मृणाल प्रयोगशाळेत होती. या भेटीची तिला कल्पना नव्हती.

सासूबाई दमून त्या सहाव्या खुर्चीवर टेकायला गेल्या.

"तिथं नका बसू, ताई. ती मृणालची आहे."

"अहो भाऊ, ती कुठं आहे इथं?"

"म्हणूनच म्हणतो. कोरम नाही."

अनिकेत हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मृणालला फोन करून, कोण आले आहे आणि कशासाठी, ते आडपडदा न ठेवता सांगितले. वाटले तर ये, नाहीतर या दोघांना जेवू घालून परत पाठवतो, असेही सांगितले. मग ते पोहे भिजवायला गेले. सासूबाईंनी तीनदा विषय काढला. तीनदा सरांनी त्यांना नाशिकच्या द्राक्षांविषयी विचारले. कांदा चिरण्याचा आवाज, कढईत तडतडणारी मोहरी, काचेवर रेंगाळणारे पांढरे ऊन. तासभर त्या खोलीत कोणाचेच भवितव्य ठरले नाही. इतके अवघडलेले पोहे मी आयुष्यात खाल्ले नाहीत.

मृणाल आली. वाटेतल्या पावसाने ओला झालेला कोट न काढताच त्या खुर्चीवर बसली. सर म्हणाले, "बोल बेटा. आम्ही ऐकतो," आणि अंडी उकडण्याचे घड्याळ त्यांनी या वेळी लावले नाही.

ती वीसेक मिनिटे बोलली. तिने काय ठरवले, ते मी येथे लिहीत नाही. ते कोणी मतास टाकलेले नव्हते. एवढेच सांगते, की जाताना सासूबाईंनी तिच्या कोटाचे वरचे बटण लावले आणि तिने लावू दिले.

ती तिघे गेल्यावर मी सरांना विचारले, की मृणालच्या आधी ही खुर्ची खरोखर कोणाची होती.

सर बशा विसळत होते. पाठमोरेच बोलले. त्यांची थोरली बहीण सुलोचना. तिला चार मुले होती आणि पाचवे नको होते. कायद्याने तोवर परवानगी दिली होती, तालुक्याला डॉक्टरही होता. बाहेरच्या खोलीत सासरचे तिघे, वडील आणि वीस वर्षांचे सर, असे पाच पुरुष, ते मूल ठेवायचे की नाही हे ठरवायला बसले. ती आत भाकऱ्या थापत होती.

"माझं शिक्षण झालेलं होतं जी. मला कळत होतं. पण ठेवायचं म्हणून चौघांचे हात वर गेले, तर मीबी केला. अन् आत थापण्याचा आवाज थांबला." नळाचे पाणी वाहत राहिले. "थोड्या वेळानं परत सुरू झाला."

पाचवे मूल झाले, मुलगी. ती आता शिक्षिका आहे, मामावर तिचा जीव आहे. सुलोचनाताईंनीही कधी बोलून दाखवले नाही.

"दर दोन वर्षांनी जातो. गरम गरम वाढते. मी म्हणतो, अक्का, बस ना माझ्यासमोर. म्हणते, तुम्ही जेवा. बसत नाही."

त्यांनी हात पुसले. मग भिंगे पुसण्याचे पिवळे मऊ फडके घेऊन आले, मृणालच्या ओल्या कोटाचा डाग त्या खुर्चीच्या पाठीवरून सावकाश टिपला, निळी उशी सरळ केली आणि खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढून ठेवली, बसणाऱ्याला सोपे जावे इतकी.