झाकण उघडायचं नाही

व्हर्लने आईचं पातेलं पैजेवर लावलं, तेव्हा त्याची बायको लारू नेमकं तेच पातेलं पुसत होती. फोन स्पीकरवर होता. पलीकडे तिची नणंद अर्डिथ खिदळत होती.

"तीन वर्षं झाली व्हर्ल, माझ्या पाठोपाठ दुसराच येतोयस! आता तरी कबूल कर, ते बिडाचं धूड तुला पेलत नाही."

"ताई, ह्या चोवीस जुलैच्या सणाला रांधायच्या स्पर्धेत मी पहिला नाही आलो ना, तर आईचं पातेलं तुझं. घेऊन जा. दिलं!"

"खरं? मग दारात मांडीन. पेटुनियाची फुलझाडं लावीन त्यात. जांभळ्या."

लारूच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं.

पातेलं म्हणजे काय होतं, तर तीन बुटके पाय, जाडजूड काळं पोट, आणि वर निखारे रचता यावेत म्हणून उभी कड असलेलं सपाट झाकण. त्या कडेचा एका जागी टवका उडालेला. सासूने जाताना ते व्हर्लला दिलं, असं सगळे म्हणायचे. पण गेली एकतीस वर्षं त्याची उठबस लारूच करत होती. रांधून झालं की गरम पाण्याने खरवडायचं. साबण? नाव काढायचं नाही. मग चुलीवर कोरडं करायचं, गरम असतानाच तेल चोळायचं, आणि मग ते तेल चुकून लागलंय असं समजून पार पुसून टाकायचं. जास्त राहिलं तर चिकट होतं, कमी पडलं तर गंजतं. टोमॅटो त्यात शिजवायचा नाही. झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही. ह्या सगळ्यात व्हर्लचं काम एकच, शेजारी उभं राहून लोकांना पातेल्याची महती सांगणं.

"ठेवलास फोन?" लारूने विचारलं.

"ठेवला की."

"माझ्या पातेल्यात पेटुनिया?"

"तुझं कुठलं? आईचं."

"आईचं होतं. एकतीस वर्षं त्याला तेल कोण लावतंय?"

"तू."

"घासतंय कोण?"

"तूच. पण शिजवतो मी ना!"

"शिजवतो कोळसा. तू नुसता बडबडतोस."

तसं हे शंभर टक्के खरं नव्हतं. व्हर्लच्या हाताला चव होती. त्याचा एक नियमही होता, आणि तो सगळ्या लूमिस क्रीक गावाला पाठ झाला होता. झाकण एकदा ठेवलं की वेळ भरेपर्यंत उघडायचं नाही. निखारे मोजायचे, दर दहा मिनिटांनी झाकण पाव फेरा फिरवायचं, नाकाने वास घ्यायचा, बास. "उघडून बघतो तो भित्रा," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना बघायचा अर्डिथकडे. कारण अर्डिथ मिनिटामिनिटाला झाकण उचलून डोकवायची. तिची पातेली ॲल्युमिनियमची. हलकी, चकचकीत, साबणाने धुतली तरी चालणारी. आणि तरी तीन वर्षं पहिली तीच. हे व्हर्लला भाल्यासारखं टोचत होतं.

लारूने मनाशी ठरवून टाकलं. हा माणूस पैजेच्या नादात दुप्पट निखारे रचणार आणि एकतीस वर्षांचं मुरलेलं तेल एका सकाळीत जाळून टाकणार. म्हणून चोवीस तारखेला पहाटे तिने डुकराच्या बरगड्या, कांदा आणि सफरचंद आपल्या लग्नात मिळालेल्या पातेल्यात रचले. मापाला दोन्ही अगदी सारखी. ते तिने बर्फाच्या टबात ठेवलं. आईच्या पातेल्याला ताज्या तेलाचा हात दिला, ओल धरू नये म्हणून आत कागदी रुमालांचा बोळा कोंबला आणि टॉवेलात गुंडाळलं. अर्डिथने बजावलं होतं ना, पैजेचं पातेलं सगळ्यांसमोर हवं म्हणून. मग टेबलावर मांडायचं, बघा म्हणावं.

"मांस माझ्या पातेल्यात आहे हं," तिने दाढी करणाऱ्या व्हर्लला सांगितलं. "आईचं नुसतं मांडायला घेतलंय. कळलं?"

"हं," व्हर्ल म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारानंतर ह्या 'हं'चा अर्थ तिला कळायला हवा होता. ऐकलं नाही, असा त्याचा अर्थ.

चर्चमागच्या हिरवळीवर पोचल्या पोचल्या बायकांनी लारूला हॉलमध्ये ओढलं. गाजर घातलेल्या हिरव्या जेलीची अकरा भांडी आली होती, आणि कुणाची कुठे ठेवायची ह्यावरून दोन बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. ते निस्तरून लारू बाहेर आली, तर व्हर्लचा मनोरा पेटलेला. खाली मोठं पातेलं, त्याच्या झाकणावर निखारे, त्या निखाऱ्यांवर पावाचं छोटं पातेलं, त्याच्याही झाकणावर निखारे. समोर पंधराएक माणसं, आणि व्हर्ल कमरेवर हात ठेवून पूर्वज ढकलगाड्या ओढत ह्या खोऱ्यात कसे आले ते सांगतोय. जसा काही मागून तोच ढकलत होता.

लारू आईचं पातेलं आणायला ट्रककडे गेली. टॉवेल होता, पण रिकामा. टबातलं पातेलं मात्र जागच्या जागी. तिने झाकण वर केलं. बरगड्या, कांदा, सफरचंद. थंडगार.

शेजारचा डेल्विन ट्रकला टेकून लिंबू सरबत पीत होता.

"डेल्विन, पातेलं कुणी उतरवलं?"

"मी. व्हर्लची कंबर धरलीय ना. तो म्हणाला, आईचं घे, टवका उडालेलं. मी ते घेतलं."

"उचलताना जड नाही लागलं?"

"छे! एका हाताने उचललं." डेल्विनने दंड फुगवून दाखवला. "व्हर्ल बघतच राहिला."

लारूच्या डोक्यात सणक गेली. नऊ वाजता आग पेटली होती. बारा वाजता परीक्षक टफ्टबाबा चव घ्यायला येणार. आणि तिचं पातेलं, तेल लावलेलं, आत कागदाचा बोळा, निखाऱ्यांवर नुसतंच तापतंय.

ती तरातरा गर्दीत घुसली आणि व्हर्लच्या कानाला लागली. "व्हर्ल, झाकण उघड."

व्हर्लने मोठ्याने श्वास घेतला. लोकांकडे वळला. "ऐकलंत? माझी सख्खी बायको! एकतीस वर्षं माझ्याबरोबर काढली, आणि मला सांगतेय झाकण उघड!"

लोक हसले.

"अरे गाढवा, आत काही नाहीये!"

"लारू," त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "घाबरायचं नसतं. विश्वास ठेवायचा असतो. बिडावर."

लारूने तो हात झटकून टाकला. हिरवळीच्या पलीकडून अर्डिथ हे सगळं बघत होती. आता ओरडून सांगावं, तर पेटुनिया आत्ताच लागल्या. लारूने तोंड मिटलं आणि ट्रककडे धावली. म्हटलं बरगड्या मागच्या मागे शिजवून घेऊ, मग काहीतरी गडबड करून पातेली बदलू. पण निखारे कुठे होते? सगळा कोळसा व्हर्लच्या मनोऱ्याला लागलेला. उरलेला होता फक्त अर्डिथकडे.

"थोडे निखारे द्याल का, अर्डिथताई?"

"का गं? तुमचे संपले?" अर्डिथने आपलं झाकण उचललं, डोकावली, ठेवलं. "की त्या धुडाला पुरे पडत नाहीत?"

"राहू दे," लारू म्हणाली. मान ताठ ठेवून परत फिरली. हिच्याकडे पुन्हा निखारे मागण्यापेक्षा बरगड्या कच्च्या खाल्लेल्या परवडल्या.

तेवढ्यात वास सुटला. धुराचा, करपट. लारूने तो लगेच ओळखला. कागद.

"काय जळतंय?" कुणीतरी विचारलं.

"जळत नाहीये," व्हर्ल गालात हसला. "धुरावलेलं मांस म्हणतात त्याला. आतली गोष्ट आहे. विचारू नका."

"हिकरीच्या लाकडाचा धूर दिलेला वाटतोय," एकजण डोळे मिटून म्हणाला.

"सफरचंदाच्या," दुसरा म्हणाला. "हिकरी इतकी गोड नसते."

दोघांचं चांगलंच जुंपलं. गर्दी वाढली. अर्डिथसुद्धा नाक उडवत आली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावरचं हसू थोडं ओसरलं. लारूला एक क्षण फार बरं वाटलं. मग आठवलं की आत बोळा आहे.

सकाळपासून त्याने नुसतं झाकणच फिरवलं होतं; पावणेबाराला व्हर्लने अख्खं पातेलं फिरवायला घेतलं. पावाचं छोटं पातेलं आकड्याने उचलून बाजूला ठेवलं, मग खालच्याची कडी आकड्यात धरून पाव फेरा फिरवला. पातेलं गर्रकन फिरलं. अर्धा फेरा झाला. व्हर्ल थबकला. आकडा किंचित वर केला. पातेलं टोपलीसारखं जमिनीवरून उठलं.

त्याचा चेहरा लारूने लग्नाच्या दिवशीसुद्धा असा पाहिला नव्हता. त्याने गर्दीतून तिला शोधून काढलं. तिने मान डोलावली. हो, तेच सांगत होते रे बाबा.

आता तरी हा गुडघे टेकेल, असं तिला वाटलं. व्हर्लने पातेलं हळूच खाली टेकवलं. घसा खाकरला. चिमटा घेतला आणि झाकणावर आणखी चार निखारे ठेवले.

"शेवटची आच," तो लोकांना म्हणाला.

लारू त्याच्याजवळ सरकली. "आता काय करणारेस?"

"आता?" तो ओठ न हलवता बोलला. "आता काही झालं तरी झाकण उघडायचं नाही."

पण ठीक बाराला टफ्टबाबा आले. नव्वदीचे, सगळा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेलेला. नजर अधू झाली होती, पण बोटं अजून जागी होती. अर्डिथच्या कोंबडी-बटाट्याचे त्यांनी दोन घास घेतले आणि "चांगलं आहे" म्हणाले. म्हणजे फारच चांगलं होतं. मग व्हर्लचे पाव खाल्ले. दोनदा. मग खालच्या पातेल्याकडे काठी केली.

"उघड, पोरा."

"बाबा, अजून पाच मिनिटं..."

"मला नव्वद झाली. पाच मिनिटांची खात्री नाही. उघड."

व्हर्लने झाकण उचललं. काळ्या धुराचा एक लोट वर गेला. धूर विरला. तळाशी मुठीएवढा कोळशासारखा बोळा. बाकी काही नाही.

मग अर्डिथ हसायला लागली. इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. "हिकरी!" ती म्हणत होती, "सफरचंद!" आणि ते दोघे वास घेणारे शांतपणे जेलीच्या दिशेने निघून गेले.

टफ्टबाबा हसले नाहीत. त्यांनी चिमट्याने बोळा बाहेर काढून टाकला, राख फुंकली आणि वाकून आत बघत राहिले. पहाटेचं तेल आचेवर जळण्याऐवजी आणखी मुरलं होतं, आणि ऊन थेट तळाशी पडलं होतं. पातेलं आतून असं चमकत होतं की बाबांची पांढरी दाढी त्यात दिसत होती. पातेलं निवेपर्यंत ते बसून राहिले, कुणाला बोलू दिलं नाही. मग बोट आतून सावकाश फिरवलं. कुठे अडलं नाही, कुठे चिकटलं नाही.

"दरवर्षी ह्यात मांस असतं," ते म्हणाले. "आत कधी बघायलाच मिळालं नाही. बिडाला अशी कांती मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि ती माझ्या आईच्या घरी. कोण राखतं हे?"

व्हर्लची छाती सवयीने फुगली. तोंड उघडलं. लारूने नुसतं पाहिलं त्याच्याकडे.

"ही," व्हर्ल म्हणाला. "लारू. एकतीस वर्षं. मला तर त्याला हातसुद्धा लावू देत नाही." आणि त्याची छाती होती त्याच्यापेक्षा आणखी फुगली.

लारूने उगाचच झाकणावरची राख पुसली.

गुण लागले. चवीला व्हर्लला भोपळा. पावाला पैकीच्या पैकी. भांड्याच्या निगेला दहापैकी दहा, आणि टफ्टबाबांनी कागदावर अकरा लिहून मग खोडलेले सगळ्यांनी पाहिले. बेरीज झाली. पहिली अर्डिथ. दुसरा, पाच जणांत, व्हर्ल.

अर्डिथने डोळे पुसले आणि पदर खोचल्यासारखा ॲप्रन आवळला. "चला, पातेलं आणा."

लारूने पातेलं उचललं आणि तिच्या हातात ठेवलं. अर्डिथ कमरेत वाकली.

"बाई गं! रिकामंसुद्धा किती जड!"

"जड आहेच. आता नीट ऐका, अर्डिथताई. साबण नाही. भिजत घालायचं नाही. वापरा नाहीतर न वापरा, दर आठवड्याला तापवून तेलाचा हात. पुसताना जीव काढायचा. चिकटलं तर ओव्हनमध्ये पालथं घालून तासभर, घरात धूर होतो, खिडक्या उघडायच्या. पावसाळी हवेत दर दोन दिवसांनी झाकण उघडून बघायचं. आणि पेटुनिया लावाल तर मातीला पाणी घालाल. तिसऱ्या दिवशी गंज. तो काढायला माझ्याकडे येऊ नका, मी दार उघडणार नाही."

अर्डिथ आत बघत होती. त्या काळ्या आरशात तिचा लाल झालेला चेहरा दिसत होता.

"आई सणाला ह्यात बटाटे करायची," ती म्हणाली. "तेव्हासुद्धा इतकं चमकत नव्हतं." मग तिने पातेलं परत लारूच्या हातात ढकललं. "घे बाई. हे माझं आहे, विसरू नकोस. पण राहू दे तुझ्याकडे. मी रविवारी जेवायला येईन."

"या," लारू म्हणाली. "बरगड्या आहेत."

घरी जाताना पातेलं लारूच्या मांडीवर होतं, अजून थोडं कोमट. व्हर्ल एक हात खिडकीबाहेर टाकून ट्रक चालवत होता, आणि वाटेत दिसेल त्या माणसाला हाक मारून सांगत होता.

"रिकामं पातेलं ठेवून दुसरा आलो! अख्ख्या परगण्यात आहे का कुणी असा?"

"दुसरी मी आले," लारू म्हणाली. "तू नुसतं झाकण धरून बसला होतास."

दोन वळणं गेली.

"ते खरं," तो म्हणाला. "पण धरलं कसं होतं, ते बघितलंस ना?"