बडोद्याची परिषद, व्हाया जठारपेठ

निबंध अजून टाइपही व्हायचा होता, आणि प्राध्यापक हेमचंद्र असनाऱ्यांचा पहिला सत्कार होऊन गेला होता.

हेमचंद्र अमरावतीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. एकसष्ट सालच्या डिसेंबरात बडोद्याला त्यांच्या विषयाची अखिल भारतीय परिषद भरायची होती. देशभरातून चारपाचशे विद्वान येणार, तीन दिवस चर्चा झडणार. हेमचंद्रांनी भीतभीतच 'लहान शहरातील प्रतिष्ठेच्या कल्पना' या निबंधाचा गोषवारा तिकडे पाठवला. उत्तर आलं दीड ओळीचं. गोषवारा मिळाला, पूर्ण निबंध पाठवावा. बस्स, एवढंच. त्यात ना कुठं आमंत्रण होतं ना निवड. पण ते पाकीट आणून देणारा शिपाई नत्थुजी तिथंच उभा राहिला आणि पत्र कुठलं म्हणून त्यानं विचारलं. हेमचंद्र बिचारे साधे, बडोद्याच्या परिषदेचं आहे म्हणून मोकळे झाले. नत्थुजीनं ते प्राचार्यांना सांगितलं, वाटेत ग्रंथपालाला सांगितलं, आणि दुपारच्या चहाला स्टाफरूममध्ये सगळे उठून उभे राहिले.

त्या काळच्या अमरावतीत सत्कार व्हायला माणसाला काही करून दाखवावं लागत नसे. तो काहीतरी करणार आहे, एवढी कुणकुण पुरे. दोन दिवसांत कॉलेजच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ आणि संत्र्याच्या रोपाएवढा हार घेऊन समारंभ झाला. अध्यक्ष अर्थात बापूसाहेब वकील. गावातल्या कुठल्याही सत्काराला अध्यक्ष तेच असत, आणि आभाराआधी घड्याळ बघून उठतही असत, कारण सरकारच्या कसल्याशा सल्लागार समितीवर ते होते आणि दर तीन महिन्यांनी बैठकीला मुंबईला जात. त्यांनी हेमचंद्रांच्या खांद्यावर शाल घालून सांगितलं, की हा माणूस आता बडोद्याला वऱ्हाडचा झेंडा रोवणार.

हेमचंद्रांनी उत्तराच्या भाषणात अगदी खरं तेच सांगितलं. माझं जाणं अजून नक्की नाही, निबंधही निवडला गेलेला नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. एवढा मोठा विद्वान आणि काय हा विनय, असं पहिल्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, आणि दुसऱ्या दिवशी गावभर त्या विनयाचीच चर्चा.

मग काय विचारता! कॉलेजनं केला आणि आपल्याच गल्लीतल्या माणसाचा आपण नाही केला, हे गल्लीतल्या गणेश मंडळाला कसं खपावं? त्यांनी केला. वाचनालयाच्या चिटणिसांना वाटलं, हा माणूस बावीस वर्षं आपली पुस्तकं नेतो, त्यांनी केला. ज्ञातिसभेनं केला, तो पंचांगात मुहूर्त पाहून. भगिनी मंडळानं मागे का राहावं, त्यांनी हेमचंद्रांच्या पत्नीला, अनसूयाबाईंना पाटावर बसवून त्यांची ओटी भरली आणि 'यशस्वी पुरुषामागची गृहिणी' यावर अर्धा तास भाषण झालं. शेंदूरजनाघाटचा एक बागायतदार, ज्याचा मुलगा हेमचंद्रांच्या वर्गात होता, तो दोन पेट्या संत्री घेऊन हजर झाला. एक पेटी गुरुजींना आणि एक परिषदेच्या अध्यक्षांना. वऱ्हाडचं संत्रं तिकडच्या लोकांनी एकदा खाऊन तर पाहावं, असं त्याचं म्हणणं होतं.

घरात तयारीला जोर चढला. सर्जचा नवा कोट शिवून आला. अनसूयाबाईंनी चिवडा, शंकरपाळे आणि लिंबाचं लोणचं बरण्यांत भरलं. होल्डॉल शेजाऱ्यांनी दिला, ट्रंक ज्ञातिसभेच्या अध्यक्षांनी दिली. निबंधही एकदाचा टाइप होऊन बडोद्याला गेला. हेमचंद्रांना आता स्वतःलाही वाटायला लागलं होतं, की आपण चाललोच आहोत.

आणि नगरपालिकेनं ठरवलेल्या पाचव्या सत्काराच्या दिवशी, सकाळच्या डाकेनं बडोद्याचं पत्र आलं. निबंधांची संख्या अपेक्षेपेक्षा फारच वाढल्यामुळे आपला निबंध 'वाचला गेला असे समजण्यात येईल'. निवासाची व प्रवेशाची सोय मर्यादित असल्याने आपण प्रत्यक्ष येण्याची तसदी घेऊ नये.

हेमचंद्र पत्र हातात घेऊन झोपाळ्यावर बसले ते तासभर हललेच नाहीत. वाईट वाटलं ते निबंधाचं नव्हे. कपाटात चार शाली घडी घालून ठेवल्या होत्या आणि पाचवी संध्याकाळी यायची होती, त्याचं वाटलं. या गावात आपण तोंड कसं दाखवायचं? बाजारात भाजीवालीसुद्धा 'बडोद्याले कवा निघता' म्हणून विचारत होती. तरी माणूस सरळ, त्यांनी ठरवलं की आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. संध्याकाळी उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, मी बडोद्याला जाणार नाही. माझी तेवढी योग्यता नाही, असं तिथल्या लोकांनीच कळवलंय."

टाळ्या थांबेचनात. बापूसाहेबांना तर गहिवरून आलं. ते उठले आणि म्हणाले, की असा विनय त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि अशा माणसाला गाडीत बसवून द्यायला सगळं गाव स्टेशनवर गेलं पाहिजे. ठराव एकमतानं मंजूर. आपण मात्र येऊ शकणार नाही, कारण उद्याच समितीच्या बैठकीला निघायचंय, असं सांगून बापूसाहेब घड्याळ बघत निघून गेले.

घरी अनसूयाबाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून डब्यात ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नाही. माझी ओटी भरलीय बायांनी. ती काय परत नेऊन देऊ?"

"मग करू काय मी?"

"अकोल्याला जा. चारूवन्संकडे. तीन दिवस राहा आणि या परत. गाडी तिकडूनच जाते बडोद्याला."

चारुशीला म्हणजे हेमचंद्रांची धाकटी बहीण, तिचं घर जठारपेठेत. दुसरं काही सुचत नव्हतं. निघायच्या सकाळी अमरावतीच्या स्टेशनवर हीऽ गर्दी. बँड नव्हता एवढंच, ताशा होता. बडनेऱ्यापर्यंत पोचवायला नत्थुजी सामानासकट डब्यात चढला आणि तिथं मोठ्या गाडीत स्वतः जागा धरून, संत्र्याची पेटी बाकाखाली सरकवून, खिडकीशी उभा राहिला.

"सायेब, तिकडच्या लोकाइले घाबरू नोका," तो म्हणाला, "तुमी बोलाले लागले का आमच्यासारक्याले बी समजते. त्याइले काहून नाई समजनार?"

हेमचंद्रांना त्याच्याकडे बघवेना. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं चांगलं कुणी त्यांच्याबद्दल बोललं नव्हतं, आणि बोललं ते असं नको त्या वेळी. गाडी हलल्यावर त्यांनी रुमालानं डोळे पुसले. नत्थुजीला वाटलं, साहेबांना घर सोडताना जड जातंय.

अकोल्याला चारुशीलानं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरधरून हसली. मग भावाचा चेहरा बघून पानं घ्यायला उठली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी परिषदेच्या अध्यक्षांची संत्री भाच्यांनी अर्धी संपवली. तिसऱ्या दिवशी हेमचंद्र घरात येरझाऱ्या घालून इतके कंटाळले, की चारुशीलानं त्यांच्या हातात गव्हाचा डबा दिला. "दादा, कोपऱ्यावर गिरणी आहे. दळण घेऊन ये. दुपारच्या वेळी ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटायचं नाही तुला."

हेमचंद्रांनी तरी मफलर नाकापर्यंत गुंडाळला. गिरणीत चारपाच डबे रांगेत होते. शेवटच्या डब्याजवळ बंडी आणि मांड्यांपर्यंत खोचलेलं धोतर अशा वेषात एक गृहस्थ उकिडवे बसले होते, मिशांवर पीठ उडालेलं. गिरणीवाल्याला ते सांगत होते, की ज्वारी बारीक काढ, मागच्या वेळी भाकरी थापताना चिरली. आवाज ऐकला आणि हेमचंद्रांच्या हातून डबा सुटला. मिशीवाल्यांनी मान वर केली. ते बापूसाहेब वकील होते.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गिरणीचा पट्टा फटफटत होता. पहिल्यांदा बापूसाहेबांनीच सांडलेला गहू ओंजळीनं गोळा करायला घेतला.

"बडोदा लवकर आटपलं," खाली बघतच ते म्हणाले.

"आणि तुमची मुंबईची बैठक?"

बापूसाहेब उठले, हेमचंद्रांना हाताला धरून गिरणीच्या मागच्या निंबाखाली घेऊन गेले. सभेतली त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"दोन वर्सं झाले," ते म्हणाले. "नाव लागलं समितीवर, पेपरात आलं, गावानं माहे अकरा सत्कार केले. मंग पंधरा दिवसानं कागद आला, का यादीत चूक झाली, बापूसाहेब दुसरेच आहेत, नांदेडचे. आता मले सांगा प्रोफेसर, अकरा शाली कोनाले वापस करू? तवापासून दर तीन महिन्यांनी पोरीकडे येतो. इथंच, पल्याडच्या गल्लीत. चार दिवस दळन आनतो, नातू खेळवतो, वापस जातो."

हेमचंद्रांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी आपलं सगळं सांगितलं. बापूसाहेबांनी ऐकलं, दोन सूचना केल्या. परत गेल्यावर आधी दोन दिवस कुणाशी फार बोलायचं नाही. आणि बडोद्याचं पाणी बाधलं म्हणायचं. "पानी बाधलं म्हनलं का लोकं औषध सांगत बसते. बाकीचं कोनी इचारत नाई." मग दोघं आपापलं गरम पीठ घेऊन घरी गेले. त्या रात्री हेमचंद्र आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

अमरावतीत सहावा सत्कार परत आल्याबद्दल झाला. अध्यक्ष बापूसाहेबच. ते म्हणाले, असनाऱ्यांच्या निबंधाची चर्चा त्यांच्या कानावर खुद्द मुंबईच्या सचिवालयात आली. हेमचंद्रांनी उत्तरादाखल एकच वाक्य उच्चारलं. "माझा निबंध परिषदेत वाचला गेला, असं समजण्यात आलं आहे." पुढं पाणी बाधल्यामुळे बोलवत नाही म्हणून ते खाली बसले. लगेच पंधरा जणांनी ओव्याचा काढा सुचवला.

वर्ष गेलं. पुढची परिषद म्हैसूरला होती. हेमचंद्रांनी पुन्हा एकदा गोषवारा पाठवला, आणि काय नवल, या खेपेला रीतसर निवडीचं पत्र आलं. वीस मिनिटांचा वेळ, राहायची सोय, स्टेशनवर माणूस न्यायला येणार. हेमचंद्रांनी ते अनसूयाबाईंखेरीज कुणालाही दाखवलं नाही. आठ दिवसांची रजा टाकली आणि विचारेल त्याला सांगितलं, अकोल्याला बहिणीकडे चाललोय. "बरं जी," नत्थुजी म्हणाला आणि अर्ज घेऊन गेला. स्टेशनवर सोडायला चिटपाखरू नव्हतं. होल्डॉल स्वतः उचलून हेमचंद्र सुखानं गाडीत बसले.

म्हैसूरला त्यांचा निबंध छान झाला. भरगच्च सभागृहात प्रश्नांवर प्रश्न आले. एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवून, तुमचं निरीक्षण प्रत्यक्ष अनुभवातून आलेलं दिसतंय, असंही म्हटलं. हेमचंद्र इतके खूश, की परतीच्या प्रवासभर डब्यातल्या अनोळखी लोकांना शंकरपाळे वाटत आले.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी बापूसाहेब मुद्दाम घरी आले. अनसूयाबाई चहा टाकायला आत गेल्या तसे खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "कुठं होते आठ दिवस?"

"अकोल्याला."

"नाई नोहोते. मी होतो अकोल्यात. दोनदा तुमच्या बहिनीकडे जाऊन आलो. त्या म्हने, दादा आलाच नाई."

हेमचंद्रांची पंचाईत झाली. पण या माणसापासून काय लपवायचं? त्यांनी सगळं खरं ते सांगितलं. म्हैसूरची परिषद, वीस मिनिटं, प्रश्न, पाठीवरचा हात. सांगताना चेहरा फुलून आला होता. सगळं ऐकून बापूसाहेबांनी मान हलवली, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"प्रोफेसर, गावाले सांगाचं ते गावाले सांगा. मले काहून? मी काय परका आहो? नवी जागा पाह्यली ना तुमी? मले बी सांगा, भाऊ. अकोल्यात आता पोरीच्या सासूले संशय येऊन राहिला."

हेमचंद्रांनी पत्र दाखवायला हात टेबलाच्या खणाकडे नेला होता. तो त्यांनी मागे घेतला. क्षणभर विचार करून कागदाचा एक चिटोरा फाडला, आणि नागपूरच्या वाटेवर चांदूर रेल्वे गावी राहणाऱ्या आपल्या मावसभावाचा पत्ता त्यावर सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

बापूसाहेबांनी तो नीट वाचला, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "झकास," ते म्हणाले. "नाहीतरी बैठका आता नागपूरले होतात म्हनून सांगाचंच होतं मले."