चौथ्या अंड्याचा तपास

"या घरात सुई हरवायची झाली तरी ती आधी माझी परवानगी घेते," असं बाबा स्वतःबद्दल सांगत. बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेई. मदतनीस म्हणजे त्यांची लेक. पगार शून्य, वर बोलणी.

आज मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. तिनं पसंत केलेला घड्याळजी जेवायला आला होता आणि लग्नाबद्दल विचारलं की बाबांचं गेले दोन महिने एकच उत्तर होतं, "तपास चालू आहे."

आईनं कांदा लालसर परतून आलं-लसूण, टोमॅटो, हळद, तिखट घातलं. तेल सुटल्यावर रश्श्यात खळगे करून अंडी फोडली, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी उघडलं तर तीनच!

"अगं बाई! चार काढली होती ना मी? माणशी एक. गप्पांच्या नादात फोडताना मोजलीच नाहीत."

बाबांनी चष्मा पुसला. "कुणीही जागेवरून हलायचं नाही."

"गॅस बंद करू का?"

"तेवढी सवलत. हं, मांजराचं काम."

"बाबा, खिडकीला जाळी आहे."

"म्हणजे मांजर घरातलंच."

"आपल्याकडे मांजर नाहीये."

"हेच तर संशयास्पद! नाहीतर मग टोमॅटोच्या आंबटपणात विरघळलं असेल."

"मग वीस वर्षांत माझं पातेलं नसतं का विरघळलं?" आई म्हणाली.

बाबा गर्रकन पाहुण्याकडे वळले. "स्वयंपाकघरात पाणी प्यायला कोण गेलं होतं?"

"मी, काका. चाळीस सेकंद."

"निर्दोष माणूस सेकंद मोजत नाही!"

"काका, धंदाच तो आहे माझा."

बाबांनी त्याची झडती घेतली. खिशातून भिंग आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर निघाले. बाबांचा चेहरा उजळला. "घरफोडीची हत्यारं! अंडं चोरणाऱ्याच्या घरी मी मुलगी देणार नाही."

लेकीला इतका राग आला की रडूच कोसळलं असतं. काहीतरी आपटावं म्हणून ती ताटं काढायला गेली, कपाट उघडलं आणि तिथंच थबकली. वाट्यांच्या मागे एक कागदी पुडकं होतं. वर बाबांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. तिनं ती मोठ्यानं वाचली.

"वस्तू: अंडं, एक. स्थिती: धडधाकट. सापडलं: ओट्याच्या कोपऱ्यात. मालक: अज्ञात."

"वाटीत तीनच मावली," आई म्हणाली, "म्हणून एक बाजूला ठेवलं होतं मी."

"एकटंच पडलं होतं," बाबा पुटपुटले. "बेवारस वाटलं. जमा केलं."

घड्याळजी हसला नाही. मान खाली घालून त्यानं आपला स्क्रू ड्रायव्हर शांतपणे खिशात ठेवला. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करतात हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते अंडं स्वतः फोडून रश्श्यात सोडलं, झाकणाशी पहारा दिला आणि शिजल्यावर रस्सा भरपूर घेऊन अलगद पाहुण्याच्या ताटात वाढलं.

"जरा जपून खा, जावईबापू. पिवळं गरम असतं."

लेकीला जोराचा ठसका लागला.

"तिखट जास्त झालं का गं?" आईनं विचारलं.

"नाही," ती डोळे पुसत म्हणाली, "अगदी बेताचं झालंय."