निळ्या मास्कचं फिटिंग

शिंपीकाकांनी साथीला घरात शिरू द्यायचं नाही असं ठरवलं, त्या दिवसापासून दुधाची पिशवीसुद्धा साबणाने आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडेनाशी झाली. पेपर बंद झाला. बायकोचा सख्खा भाऊ विचारपूस करायला आला, तर काकांनी त्याला रस्त्यावरच उभं केलं आणि खिडकीतून बोलायला लावलं. बिचारा हवापाण्यावर दोन वाक्यं बोलून डोळे पुसत गेला.

कारण काकूंना दमा होता. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा ताप यांच्यापर्यंत पोचला तर पुढचं आमच्या हातात नाही. ते वाक्य काकांच्या काळजात टाचणीसारखं रुतून बसलं होतं. सकाळी देवापुढे हात जोडले की स्वतःसाठी काही मागायचं त्यांना सुचतच नसे. एवढा एक श्वास सांभाळ, म्हणत.

"माझ्या भावाला रस्त्यावरून परत लावलंत, आणि तुमच्या दुकानात दिवसभर रीघ," काकू म्हणाल्या.

"दुकानात सगळी ओळखीची माणसं येतात गं. तुझा भाऊ बसने आला. बसमध्ये कोण कोण असतं, कुणाला ठाऊक."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कोट-पँटचं काम थांबलं होतं, आता नुसते मास्क. पण फिटिंग बघितल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जाणार नाही, हा काकांचा तीस वर्षांचा नेम. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राही, एक लावून बघे, काढून ठेवी, दुसरा लावे. नाकावर आवळतो म्हटलं की काका तो हातात घेत, टीप उसवत, दोरा दातांनी तटकन तोडत आणि परत त्याच्या तोंडाला लावत. मापासाठी एक निळा नमुना खुंटीवर टांगलेला असे. आधी तो लावायचा, मग लहान की मोठा ते ठरायचं. पोस्टमन, कंपाउंडर, शेजारचे निवृत्त गुरुजी, सगळ्यांच्या तोंडावरून तो फिरून आला. गुरुजींना तपकिरीची सवय. त्यांनी निळ्यात दोनदा शिंकून घेतलं, पुढचे सात मास्क नाकारले आणि नमुनाच द्या म्हणून हटून बसले. काकांनी काही दिला नाही.

मग पोस्टमन आजारी पडला. काका म्हणाले, परगावची पत्रं हाताळतो, होणारच. कंपाउंडर पडला, तर तो दवाखान्यातलाच माणूस. पुढच्या आठवड्यात गाडी येऊन गुरुजींना घेऊन गेली, आणि चार दिवसांनी परत आला तो नुसता निरोप. काका मशीनवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. रडून झाल्यावर त्यांना आठवलं की गुरुजींचं वय झालं होतं, शिवाय मागे ते बँकेत गेले होते. प्रत्येकाच्या दुखण्याला काही ना काही कारण निघत होतं. स्वतःपुरतं मात्र काकांना एकही सापडेना, त्यामुळे ते निर्धास्त होते. आज सकाळपासून घसा खवखवत होता, पण तो सुताच्या तुसांनी.

त्याच दुपारी काकूंचा दम्याचा पंप संपला. तपासल्याशिवाय नवा मिळणार नव्हता. दवाखान्यात म्हणजे सगळी अनोळखी माणसं. त्यांनी फळीवरचे वीस मास्क उलटेपालटे करून पाहिले, एकही मनास येईना. शेवटी खुंटीवरचा निळा उतरवला. कापड चांगलं, अख्ख्या गल्लीच्या तोंडावर पारखलेला. काकूंच्या मागे उभं राहून त्यांनी आपल्या हाताने बंद बांधले आणि पक्की गाठ मारली.

"कसा बसलाय?"

काकूंनी एक खोल श्वास घेतला. थांबल्या. आणखी एक घेतला.

"बसलाय छान. पण अहो, याला गुरुजींच्या तपकिरीचा वास येतोय."

काकांना समोरचा आरसा दिसला, आणि त्यात एकामागून एक उभी राहिलेली सगळी ओळखीची तोंडं. "काढ तो," ते घाईघाईने म्हणाले.

"असू दे हो," काकू डोळ्यांनी हसत म्हणाल्या. "ओळखीच्याच माणसाचा आहे."

काकांची बोटं गाठीशी झटू लागली. त्यांच्या हातची गाठ तीस वर्षांत कधी सुटली नव्हती, ती आज कशी सुटावी. सवयीने ते बंदाला दात लावायला वाकले, तोंड तिच्या केसांपाशी नेलं, आणि तिथेच थबकले.

घसा अजून खवखवत होता.