दोघांच्या मापाची गादी

"गादी घ्यायची तर दोघांची घ्यायची," एसेझाबाई म्हणाल्या. "नाहीतर माझी चटई काय वाईट आहे?"

नाबोसाच्या हातातलं केळं अर्धवट सोललेलंच राहिलं. तीन महिन्यांत आई पहिल्यांदाच गादीला 'नको' म्हणाली नव्हती. आता मापावरून वाद घालावा की तसंच उठून दुकान गाठावं, हे तिला कळेना.

"दोघांची म्हणजे केवढी, आई? नवी खोली लहान आहे."

"खोली लहान असली म्हणून माणूस अर्धं होतं का? सुताराला सांग, खाट रुंद कर म्हणावं."

एसेझाबाईंचे यजमान, ख्रिस्ती देवळाचे उपदेशक योकाना, फेब्रुवारीत गेले. मसाका गावाच्या त्या टेकडीवर त्यांना न ओळखणारं कोणी नव्हतं. ते बोलून उपदेश करतच नसत, गाऊन करत. लाजरसाची गोष्ट सांगता सांगता आवाज चढायचा, ढोलवाल्याचा हात आपोआप उठायचा, मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या पद धरायच्या, आणि चार दिवसांचा मेलेला लाजरस कबरीतून बाहेर येईपर्यंत सगळं देऊळ उभं राहिलेलं असायचं. ज्यांनी ते ऐकलं त्यांचे कान धन्य झाले. नवा उपदेशक कागदावरून वाचतो. देव त्याचं भलं करो.

आमच्याकडे मर्तिकाच्या घरी सगळे जमिनीवर झोपतात. शेवटचा विधी झाला की ज्याने त्याने आपापली चटई गुंडाळायची आणि घरी जायचं. तशा सगळ्यांनी गुंडाळल्या. एसेझाबाईंनी गुंडाळली नाही. खाट शेजारी रिकामी, आणि बाई खाली. गुडघे सुजले, खोकला लागला. डॉक्टरीणबाईंनी नाबोसाला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना जमिनीवरून उठवा. पुढच्या पावसात ही छाती ऐकायची नाही."

त्यातच देवळाचं घर सोडायची वेळ आली. घर नव्या उपदेशकाला द्यायचं. खाट देवळाची, गादीही देवळाची. एक्केचाळीस वर्षांत त्या गादीला दोन खळगे पडले होते, एक मोठा, एक लहान. तेही घराबरोबर त्याला आणि त्याच्या बायकोला मिळणार होते. नाबोसाच्या नवऱ्याने, काग्वाने, आपल्या केळीच्या बागेपलीकडे सासूसाठी दोन खोल्या बांधल्या. वेगळं दार, वेगळी पाऊलवाट, मध्ये बोरूचं उंच कुंपण. जावयाने सासूसमोर यायचं नाही, सासूने जावयासमोर यायचं नाही, आणि एकमेकांच्या अंथरुणाला तर चुकूनही अंग लावायचं नाही. लावलं तर हातांना कायमचा कंप सुटतो. लग्नाला सात वर्षं झाली, काग्वाला सासूचा आवाज पाठ होता. चेहरा त्याने डोळे भरून कधी पाहिला नव्हता.

शुक्रवारी जेवताना नाबोसा त्याला म्हणाली, "अहो, उद्या बाजारात जाताय तर गाद्या जरा बघून ठेवा. आम्ही दुपारी येऊ. आईचं एकच म्हणणं आहे, मध्ये दबणारी नको."

"बघून ठेवतो," काग्वा म्हणाला.

हे त्याला सांगणं हीच चूक. काग्वा सहकारी संघात कॉफी तपासायचा. ट्रकमध्ये दोनशे पोती असली तर दोनशेही पोत्यांत हात घालायचा, दाणा चावायचा, आणि पोत्यावर खडूने खूण करायचा. उत्तम असेल तर तीन रेघा, बरा असेल तर दोन, टाकाऊ असेल तर एक. बारा वर्षांत त्याच्या हातून एक पोतं सुटलं नव्हतं. शिवाय देहाने तो थेट सासऱ्यांइतका. देवळाच्या फोटोत पाठमोरे उभे असले तर कोण कोणता ते सांगता यायचं नाही.

दुपारी मायलेकी बाजारामागच्या गल्लीत उतरल्या. तिथे गाद्यांची चार दुकानं ओळीने आहेत. पहिल्या दुकानातल्या बाईने हसत स्वागत केलं आणि थेट आतली गादी दाखवली.

"ही घ्या, आई. डोळे मिटून घ्या. सकाळीच एक गृहस्थ चांगली दहा मिनिटं हिच्यावर लोळून गेले. हा एवढा मोठा माणूस! पण गादी हू की चू करेना."

एसेझाबाई टेकल्या. हाताने दाबून पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. नाबोसाने मनात प्रभूचं नाव घेतलं. तेवढ्यात तिची नजर प्लास्टिकच्या कोपऱ्याकडे गेली. तीन पांढऱ्या रेघा.

"आई, ऊठ."

"आत्ता तर बसलेय."

"आई, ऊठ गं!"

आईने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. रेघा त्यांच्याही ओळखीच्या होत्या. घरी येणाऱ्या प्रत्येक कॉफीच्या पिशवीवर त्याच असायच्या. सुजलेल्या गुडघ्यांची ती बाई अशी उठली, की दुकानदारीण दोन पावलं मागे सरली.

"कोण लोळलं म्हणालीस हिच्यावर?"

"निळा सदरा होता. खिशाला संघाचा बिल्ला. फार सज्जन माणूस हो, बूट बाहेर काढून आला."

"अगं, तो माझा जावई!"

दुकानदारीण आमच्यातलीच. तिने तोंडावर हात मारला. "अगं बाई! मग ही शेजारची घ्या."

शेजारचीवर दोन रेघा होत्या. तिच्या शेजारचीवर तीन. भिंतीला उभ्या केलेल्या गाद्यासुद्धा काग्वाने खाली काढायला लावून, लोळून, पुन्हा उभ्या करून ठेवल्या होत्या.

बाहेर येऊन एसेझाबाईंनी दोन्ही हात पुढे धरले. "बघ. कापायला लागले."

"आई, बाबा गेल्यापासून कापतायत ते."

"आज जास्त कापतायत."

नाबोसाने ते हात आपल्या हातांत धरले आणि दुसऱ्या दुकानाकडे निघाली. तिथे आत जायची गरजच पडली नाही. दारातल्या गादीवर एक रेघ होती आणि दुकानदार तावातावाने कोणाला तरी सांगत होता, "सकाळी येऊन माझ्या मालाला टाकाऊ ठरवून गेला! याला कोणी नेमलं?" तिसऱ्या दुकानात रेघांच्या बरोबरीने काग्वाने 'उजवी बाजू किंचित मऊ' असा शेराही लिहून ठेवला होता.

"असा कसा गं हा माणूस?" एसेझाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण आवाज रागाचा राहिला नव्हता. "एक चांगली दिसली असती, घरी गेला असता. सगळ्यांवर कशाला लोळायचं?"

"तुझ्यासाठी लोळला, आई."

"ते कळतंय मला. म्हणून तर शिव्याही देता येत नाहीत."

चौथं दुकान हाजी मुवोंगेंचं. तिथे दारात गादीच नव्हती, त्यामुळे रेघही दिसली नाही. नाबोसाला हायसं वाटलं. ती आईला हाताला धरून आत घेऊन गेली, गाद्यांच्या दोन थप्प्यांमधून वळली, आणि समोर दोन मोठे पाय दिसले. तपकिरी मोजे, डाव्या अंगठ्याला भोक. काग्वा सकाळपासून एकोणतीस गाद्यांवर लोळून दमला होता आणि तिसाव्या गादीवर त्याला झोप लागली होती. छातीवर खडू होता.

"मेले मी!" एसेझाबाईंनी पदराने तोंड झाकलं आणि तशाच उलट्या पावली मागे निघाल्या. मागे उभ्या केलेल्या गाद्यांना धक्का लागला. एक पडली, तिने दुसरीला घेतलं, दुसरीने तिसरीला, आणि एसेझाबाई व जावई यांच्यामध्ये बघता बघता गाद्यांची भिंत आडवी झाली.

"कोण आहे?" पलीकडून झोपेतला आवाज.

"अहो, उठू नका!" नाबोसा ओरडली. "आई आहे इकडे!"

पलीकडे काहीतरी जड वस्तू सरपटत कोपऱ्यात गेल्याचा आवाज.

"हाजी," कोपऱ्यातून काग्वा म्हणाला, "आईंना नमस्कार सांगा."

हाजी मुवोंगे चहाचा पेला हातात घेऊन मध्ये उभे होते. "आई, जावईबापू नमस्कार म्हणतायत."

"ऐकू आलं मला. विचारा, एखादी तरी सोडली होती का?"

"जावईबापू, एखादी..."

"नाही हो," काग्वाचा आवाज रडवेला झाला. "एकही नाही सोडली. पण आई, मी बूट काढले होते! आणि मध्ये प्लास्टिक होतं!"

"प्लास्टिकला काय कळतं," एसेझाबाई म्हणाल्या.

"आणि तेव्हा त्या गाद्या दुकानाच्या होत्या. तुमच्या कुठे झाल्या होत्या?"

हाजींना हा मुद्दा पटला. बाईंनाही क्षणभर पटल्यासारखा वाटला. "मला कळलं नसतं तर चाललं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण आता कळलंय. रात्री पाठ टेकली की मला तूच आठवणार, बाळा. मी कशी झोपू?"

भिंतीपलीकडे प्लास्टिक चुरचुरलं. मग काग्वा म्हणाला, "आई, मी बाबांएवढा आहे ना, म्हणून. म्हटलं, एका बाजूला माझं वजन पडलं आणि दुसरी बाजू नाही उचलली गेली, तर तुम्हाला बरी. बाबा कुशीवर वळले की तुमची झोप मोडायची, असं नाबोसा सांगायची."

हाजींनी हे पुढे सांगितलं नाही. त्यांनी पेला खाली ठेवला.

एसेझाबाई पडलेल्या गाद्यांकडे बघत उभ्या राहिल्या. दोघांच्या मापाची म्हणून जी जी गादी गावात होती, तिच्यावर माप घेऊन झालं होतं. आणि ज्याचं माप घेतलं होतं, तो माणूस टेकडीवर, देवळामागे झोपला होता.

"मसाक्याबाहेर..." नाबोसाने सुरुवात केली.

"थांब," आई म्हणाल्या. "त्या कोपऱ्यातल्या कसल्या? गुंडाळलेल्या?"

हाजी गडबडले. "त्या होय? त्या शाळेच्या आहेत, आई. सोमवारी सत्र सुरू होतंय ना. वसतिगृहात जाणाऱ्या पोरांसाठी. अडीच फुटांच्या. त्या तुम्हाला नकोत."

"त्यांच्यावर खडू नाही."

"त्यांच्यावर मी मावत नव्हतो," कोपऱ्यातून काग्वा म्हणाला.

एसेझाबाईंनी ती गुंडाळी हातात घेतली. निळ्या फुलांची होती. कडेला नाव लिहायला पांढरी पट्टी. "मी काय शाळेत चाललेय?" त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही, म्हणून त्या स्वतःच थोडं हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बांधा."

नाबोसा म्हणाली, "आई, तू दोघांची म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

काग्वा मागच्या खिडकीतून बाहेर पडला. हाजींनी त्याला खालून ढकललं, तरी खिडकीची चौकट सैल झाली. मोटारसायकलवाल्याने गादीची गुंडाळी मागे आडवी बांधली आणि मायलेकींना विचारलं, "पोरगं कोणत्या शाळेत?" नाबोसाने त्याला घराचा पत्ता सांगितला.

चारच्या सुमारास नव्या खोलीत नाबोसाने रुंद खाटेवर ती अरुंद गादी पसरली. चादर घातली. एसेझाबाई बराच वेळ चटईवर बसून राहिल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या. भिंतीच्या बाजूला. डाव्या कडेला. इतक्या कडेला, की अर्धं अंग गादीवर आणि अर्धं नुसत्या फळ्यांवर. उजवीकडे दीड फूट गादी मोकळी राहिली.

"आई, मध्ये सरक."

"असू दे. सवय आहे मला."

कुंपणापलीकडून खाकरण्याचा आवाज आला. काग्वा केळीत उभा होता. पाठ खोलीकडे, न चुकता.

"नाबोसा, आई आडव्या झाल्या का?"

"झाल्या."

"विचार ना, मध्ये दबते का?"

"आई, विचारतायत, मध्ये दबते का?"

एसेझाबाई छताकडे बघत होत्या. "सांग त्याला," त्या म्हणाल्या, "मध्ये अजून कोणी गेलंच नाही."

नाबोसा दारापर्यंत गेली.

"नाही दबत!" तिने ओरडून सांगितलं.

"बघ! मला माहीतच होतं," काग्वा पलीकडून म्हणाला. ज्या एका गादीला त्याने हात लावला नव्हता, तिच्याबद्दल तो फार समाधानाने बोलत होता.

तेवढ्यात नाबोसाच्या मागे खाटेची फळी करकरली. मग चादरीवरून अंग मध्ये सरकल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. नाबोसाने वळून पाहिलं नाही.