मापाची वही आणि एकशे बारा नग

करखात्यावर माझा सरळ आरोप आहे: तुम्ही दुसऱ्यांच्या पँटी माझ्या नावावर चढवल्यात!

मी शिंपी. लोक कपडे शिवायला टाकतात आणि न्यायला विसरतात. असे एकशे बारा नग दुकानात दोरीवर लोंबत होते. हिशेब तपासायला आलेल्या साहेबांनी ते मोजले, 'लपवलेला माल' म्हणून लिहून घेतले आणि वर कर अधिक दंड ठोकला. तेवढा भरायचा तर दोन्ही मशिनी विकाव्या लागल्या असत्या.

अपिलासाठी वकील करा, असं बायकोचं म्हणणं. मी म्हटलं, वकील कशाला? तीस वर्षांत माझी शिवण उसवली नाही, अपील काय उसवणार! शिवाय माझ्याकडे पुरावा होता: मापाची वही. पानापानावर गिऱ्हाइकाचं माप आणि शेजारी त्याच कापडाचा तुकडा टाचलेला.

बायकोचा चेहरा पडला. "अहो, ती वही साहेबांना दाखवणार? तुम्ही त्यात काय काय लिहून ठेवलंय..."

"खरं तेच लिहिलंय."

खरंच होतं. फक्त नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. मला माणूस अंगावरून कळतो, आणि तसाच मी तो लिहितो.

सुनावणीला तीन साक्षीदार नेले: मुख्याध्यापक, बँकेतले रोखपाल आणि माझा मेहुणा. बायकोही आली. अपिलाच्या साहेबांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात पहिलं पान वाचलं: "राखाडी पँट. आधी पोट येतं, मागून माणूस." मग मुख्याध्यापकांना विचारलं, हे आपणच का?

मुख्याध्यापक श्वास आत ओढून उभे राहिले. इतके बारीक मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

"या गृहस्थांना मी ओळखत नाही," ते म्हणाले.

रोखपालांच्या पानावर 'खांदे नाहीतच, कापूस भरणे' असं होतं. त्यांनीही कानांवर हात ठेवले. उरला मेहुणा, घरचा माणूस. साहेबांनी पान उलटलं: "फुकट्या. सावकाश शिवलं तरी चालेल." मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने माझ्याकडे.

आज आदेश हातात पडला. कपड्यांवर कोणीच हक्क सांगत नाही, सबब माल शिंप्याचाच, अपील फेटाळलं. याच्याही वर अपील करता येतं म्हणे. करणारच. घरात आठवडाभर माझ्याशी कोणी बोलत नाही, त्यामुळे लिहायला निवांतपणा भरपूर आहे.

पण आत्ताच मुख्याध्यापक दुकानात आलेत. दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "ती राखाडी पँट द्या. कमरेत तेवढी दोन इंच सैल करून."

तर साहेब, तुमच्या शिक्क्याने ही पँट माझी झाली आहे. मग ती मी यांना द्यायची, की विकायची? गृहस्थ काउंटरला पोट टेकवून उभे आहेत. लेखी उत्तर द्या!